परसातली टाकी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भजन, पाककृती, मुलांचे संगोपन या विषयांवर बोलायला आपल्या मंडळात पुष्कळजणी आहेत. मला मात्र संडासाच्या टाकीवर बोलायला सांगितले आहे. विषय पुकारला तेव्हा मागे कुणीतरी हसले, ते मी ऐकले. हसा, पण ऐकून घ्या. आपल्या गावात भुयारी गटार नाही, म्हणून घरटी एक टाकी परसात, नाहीतर पायरीखाली आहेच. पाणी किती वाजता येते, गॅस कधी संपणार, हे आपल्याला तोंडपाठ असते. टाकी शेवटची कधी उपसली, असे विचारले की सारे घर एकमेकांच्या तोंडाकडे बघते.

टाकीत पडलेले सगळे आपोआप नाहीसे होते, असा समज आहे. तसे होत नाही. गढूळ पाण्याचा हंडा रात्रभर ठेवला की गाळ खाली बसतो व वर निवळ येते, तोच प्रकार इथे चालतो. जड मैला तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग वर तवंग धरतो, आणि मधले पाणी पुढच्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जाते. तळच्या मैल्यावर हवेवाचून जगणारे जंतू काम करतात व तो बराचसा जिरवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षे चढत राहतो. गाळ व तवंग मिळून अर्धी टाकी व्यापली, की पाण्याला निवळायला जागाच राहत नाही. मग मैला तसाच पुढे सरकतो आणि शोषखड्ड्याच्या भोवतीची माती बुजवून टाकतो. टाकी उपसता येते. बुजलेला शोषखड्डा बहुधा नवा खणावा लागतो, आणि तो खर्च उपशाच्या कितीतरी पट असतो. म्हणून दोन ते तीन वर्षांनी उपसा करावा असे जाणकार सांगतात. "आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही," असे एखादी अभिमानाने सांगते, तेव्हा मला तिच्या शेजारणीच्या विहिरीची काळजी वाटते. जी टाकी कधीच भरत नाही, ती बहुधा खालून गळत असते.

आता टाकीत काय जाऊ द्यायचे ते. तळणीचे उरलेले तेल, चिंध्या, केसांचे गुंतवळे, बाळाचे डायपर, यांतले काहीही जाता कामा नये. आपण सगळ्या बायकाच आहोत म्हणून स्पष्ट बोलते: पाळीचे पॅड संडासात टाकू नयेत, कागदात गुंडाळून कचरागाडीत वेगळे द्यावेत. संडास घासायला बेताचे औषध चालते; पण दर आठवड्याला ॲसिडची बाटलीच्या बाटली ओतली, तर काम करणारे जंतू आपणच मारतो. बाजारात टाकीसाठी जंतूंची पावडर मिळते. ती घालून उपसा टळत नाही, पैसे तेवढे जातात. धुण्याचे व मोरीचे पाणी टाकीत सोडले असेल, आणि टाकी तेवढ्या पाण्यासाठी बांधलेली नसेल, तर ते वेगळे काढून घ्यावे. चार बादल्या कपड्यांचे पाणी एकदम आत गेले, की खाली बसलेला गाळ ढवळून पुढे जातो.

बांधकामाच्या नियमांची भाषा जड असते, पण आकडे सोपे आहेत. टाकी कमीत कमी ७५ सेंटिमीटर रुंद असावी, पाण्याची खोली निदान एक मीटर, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट दूर हवा. याहून दूर गेला तर अधिक चांगले. हवेचा पाइप निदान ५० मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंची, आणि टाकी घराजवळ असेल तर छपराच्या वर दोन मीटर गेलेला असावा. त्याच्या तोंडाला बारीक जाळी पाहिजे. जाळी फाटली तर डास आत शिरतात व तिथेच वाढतात. जाळीचे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. आज घरी गेल्यावर पाइपाकडे एकदा मान वर करून बघा. आणि टाकीचे पाणी तसेच उघड्या गटारात सोडायला नियमाने मनाई आहे. आपल्या आळीत तसे दोन-तीन ठिकाणी सुटलेले आहे. नावे घेत नाही, पण मुले त्याच गटारातून चेंडू काढतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगते. तारीख पाळली नाही की टाकी तुंबते, आणि ती तुंबायची वेळ म्हणजे गौरी-गणपती, नाहीतर घरात लग्न. पाहुणे भरलेले, संडास वर येतोय, गाडी चार दिवस मिळत नाही. मग कुणीतरी एखाद्या गरजू माणसाला बादली आणि दोर देऊन बोलावतो. तो माणूस आत उतरतो.

त्या टाकीत काय असते? कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निघतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. फार असला तर नाकच बधिर होते व वास येईनासा होतो. म्हणजे वास नाही म्हणून धोका नाही, असे नाही, उलटच. मिथेन असतो, तो पेट घेतो. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघण्याची जुनी रीत होती, ती इथे चुकूनही करू नये. झाकणाजवळ विडीसुद्धा पेटवू नये. प्राणवायू जेमतेम असतो. आतला माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. वर्तमानपत्रात अशा बातम्यांत एकाऐवजी दोन-तीन मृत्यू दिसतात, ते यामुळे.

२०१३ सालच्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो नगरपरिषदेला लागू आहे, ठेकेदाराला लागू आहे, आणि काम सांगणाऱ्या घरमालकालाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. पण पैशाने त्या घरचा कर्ता माणूस येत नाही. आणि उतरणारा माणूस बहुधा कोणत्या वस्तीतला असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली भंगीकाम स्वतःला मिळावे म्हणून उपोषण केले होते. तेव्हापासून नव्वदांवर वर्षे गेली, आणि आपण अजून दोर देऊन माणूस खाली सोडतो.

साताऱ्यातल्या वाईने व नाशिककडच्या सिन्नरने २०१८-१९ च्या सुमारास एक चांगला पायंडा पाडला. तिथे टाकी तुंबायची वाट बघत नाहीत. नगरपरिषदेची उपसा गाडी पाळीपाळीने घरोघर जाते, तीन वर्षांत सारे गाव पुरे होते, आणि काढलेला मैला नाल्यात न ओतता शुद्धीकरण केंद्रात नेतात. आपल्याकडे तशी पाळी लागेपर्यंत आपली पाळी आपणच लावली पाहिजे. मंडळाने तसा अर्ज नगरपरिषदेला करावा, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे.

गाडी बोलवाल तेव्हा काय बघायचे? एक, झाकण सापडले पाहिजे. फरशी घालताना पुष्कळांनी ते फरशीखाली गाडले आहे, एका घरी तर त्यावर तुळशीवृंदावन आहे. तुळस हलवायची नसेल तर गवंड्याकडून शेजारी दुसरे झाकण काढून घ्या. दोन, झाकण उघडून बराच वेळ तसेच ठेवावे, पोरांना लांब ठेवावे, आणि कुणी वाकून तोंड आत घालू नये. तीन, काम नळीनेच झाले पाहिजे. "तळ घट्ट आहे, उतरावे लागेल," असे गाडीवाला म्हणाला तर साफ नाही म्हणावे. पाणी सोडून, लांब बांबूने वरून ढवळून पुन्हा ओढता येते. चार, टाकी घासून स्वच्छ करायची नाही. तळाशी बोटभर गाळ राहू द्यावा, त्यातूनच नवे जंतू वाढतात. पाच, मैला कुठे रिकामा करणार हे विचारावे व पावती घ्यावी. विचारायला संकोच वाटला तर शेजारणीला बरोबर घ्यावे.

बाहेर दाराशी, चपलांच्या शेजारी, मी एक वही ठेवली आहे. त्यात घर, शेवटच्या उपशाची तारीख आणि झाकण कुठे आहे, असे तीन रकाने आखले आहेत. तारीख आठवत नसेल तर तो रकाना मोकळा सोडा. मोकळ्या रकान्यांच्या घरांची गाडी आपण आधी सांगू. एका आळीत सहा-सात घरे मिळून बोलावली तर गाडीवाला भावही कमी करतो. पावसाळ्याआधी झालेले बरे, कारण जमीन पाण्याने भरली की शोषखड्डा पाणी घेत नाही. नाव लिहून मगच कॉफीला या.