सोबत हवी
(मार्केट यार्ड, पुणे येथे केलेले भाषण)



पाड्यावरचा माणूस कामासाठी इथल्यासारख्या बाजारात येतो, पोती उचलतो. पाठीवर फिकट चट्टा असला तरी तो दाखवत नाही, कारण चट्टा खाजत नाही, दुखत नाही. पुढे हात बधिर होतो आणि सुतळीने कापलेलेही कळत नाही.

हा कुष्ठरोग, पवित्र शास्त्रातला महारोग. आज तो गोळ्यांनी बरा होतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन एकत्र द्यायला सांगितले. प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच, आरोग्यसेवकासमोर. उपचार सुरू झाले की संसर्गाची भीती लवकरच सरते. त्याला घराबाहेर ठेवायचे कारणच उरत नाही.

अडचण वेगळी आहे. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. हे आधी सांगितले नाही, तर माणूस घाबरून गोळ्या सोडतो. काळेपणा उपचारानंतर हळूहळू उतरतो. बधिर झालेला हात मात्र पुन्हा जागा होईलच असे नाही.

गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. इथे पैशापेक्षा सोबत हवी. त्याची तारीख लक्षात ठेवा. तो गावी निघाला, तर तिथल्या आरोग्य केंद्रासाठी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन द्या.

प्रभूने महारोग्याला हात लावला. आपण निदान त्याच्या शेजारी बसून चहा तरी घेऊ.