घाटावरचा समुद्र

मुंबईस १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां समुद्र दाराशींच होता. चांदवडास तो शेजार कोठला? येथें खाऱ्या पाण्यांतले मासे पाळूं इच्छिणाऱ्यास समुद्र घरींच कालवावा लागतो: दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम सागरी क्षार, स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं.

गाळणी म्हणजे केवळ कचरा अडविणारें फडकें नव्हे. माशांच्या उत्सर्गापासून होणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाहीं, पण जीव घेतो. सच्छिद्र दगडांवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व पुढें सौम्य नायट्रेट करितात. ते रुजण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि उत्साही मंडळी नेमकी येथेंच घाई करितात!

टाकीच्या कांठावरून ओसंडलेलें पाणी खालच्या हौदांत गाळून पंपानें पुन्हां वर चढवावें. नळ तांब्यापितळेचे नसावेत. तांबें कोळंबीस विष आहे. वीज गेली कीं चढत्या नळांतूनच पाणी उलट उतरतें व खोलींत पूर येतो. यास्तव त्या नळास पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं भोंक पाडावें, म्हणजे हवा शिरून ओघ तुटतो. हौदांतहि तेवढी जागा रिकामी असावी.

वैशाखांत पाणी आटतें, क्षार मागेंच राहतात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच. चांदवडसारख्या टंचाईच्या तालुक्यांत टाकीचें माप ठरवितांना हें पाणी आधीं मोजावें.