पोच कोठे आहे?

(विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपच्या प्रारंभी एका वकिलांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आपणांस पूर्ण करावयाची आहे. ती स्वयंसेवी संस्थेतही करता येते. तरी बहुतेकांची पावले मोठ्या फर्मकडेच वळतात. त्यात गैर काही नाही. मात्र यांतील चार आठवडे आपण दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी द्यावेत, ही विनंती करण्यास मी उभा आहे.

कायदा अपुरा आहे, असे म्हणता येणार नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्याने एकवीस प्रकार मानले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. अडते ते शाळेच्या दारात.

काही वर्षांपूर्वी एक माता माझ्याकडे आली. मुलास ऐकू कमी येई. चार शाळांनी, ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत, दुसरीकडे पाहा’ असे तोंडी सांगून तिला परत पाठविले होते. मी पहिलाच प्रश्न केला, ‘अर्जाची पोच कोठे आहे?’ त्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मला त्या प्रश्नाचीच लाज वाटली. पण प्रश्न अस्थानी नव्हता. तोंडी नकार सिद्ध कसा करावयाचा? माझ्याकडे शिकणारी एक विद्यार्थिनी त्यांच्यासोबत गेली. अर्ज देऊन तिने दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि नकार असल्यास कारणे लेखी द्यावीत, अशी विनंती केली. लेखी देण्याची वेळ येताच प्रवेश मिळाला. न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही; पण मुलाचे ते वर्ष गेले ते गेलेच.

वर्ष परत मिळत नाही, हे मोठ्या परीक्षांतही दिसले आहे. २०२१ च्या नीट परीक्षेत हाताने लिहिण्यास अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीस देय असलेला जादा एक तास नाकारून उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ रोजी तो अन्याय असल्याचे मान्य केले आणि उपाय ठरविण्यास परीक्षायंत्रणेला आठवड्याची मुदत दिली. फेरपरीक्षेचा आदेश मात्र झाला नाही. म्हणून लेखनिक, जादा वेळ, भाषाविषयातील सूट यांचे अर्ज परीक्षेच्या पुष्कळ आधी गेले पाहिजेत.

आपणांस वकीलपत्र दाखल करता येणार नाही. पण कागद जुळविणे, तारखांची टाचणी करणे, राज्य आयुक्तांकडील तक्रारीचा मसुदा लिहिणे, हे खचितच जमेल. आयुक्तांची शिफारस आल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवावयाची असते. ती तारीख डायरीत लिहून ठेवा. विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीस मोफत वकील मिळतो, त्यास उत्पन्नाची अट नाही, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते.

नियमानुसार एका वर्षी सलग चार आठवड्यांहून अधिक इंटर्नशिप होत नाही आणि प्रकरण त्याहून लांबते. तेव्हा निघताना संचिका पुढील विद्यार्थ्याच्या हाती द्या, काय झाले व काय राहिले हे लिहून द्या. आणि एक राहिलेच: पालकांशी बोलून झाले की, मुलालाही विचारा. त्याला कोणत्या शाळेत जावयाचे आहे, हे अर्जात लिहावयाचे विसरून जाणारे वकील मी पाहिले आहेत. त्यांत एकदा मीही होतो.