तिकोनी शाल : लोकर किती, मजुरी किती?

वेलीच्या विणीची मोठी तिकोनी शाल करायची, असं बऱ्याच जणींच्या मनात आहे. करा की! पण ऑर्डर घेण्याआधी एक हिशेब ऐका.

शाल टोकाकडून सुरू होते. सुईवर फक्त 3 टाके. मग एक ओळ सोडून एका ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा. 100 ओळी झाल्या की 103 टाके, 200 झाल्या की 203. म्हणजे निम्मी उंची भरली तेव्हा काम निम्मं झालेलं नसतं, पावच झालेलं असतं! पहिल्या 100 ओळींना एक गुंडा लागला, तर पुढच्या 100 ओळींना साधारण तीन लागतात. वेळही तसाच. लोकर एकदमच आणि एकाच लॉटची घ्या. दुसऱ्या लॉटचा रंग थोडा वेगळा निघू शकतो.

आता वेल. सहा टाक्यांतले पहिले तीन जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, उरलेले तीन विणायचे, मग ते धरलेले विणायचे. पीळ डावीकडे वळतो. मागे धरले तर उजवीकडे. दोन्ही बाजूंना उलट टाके ठेवले की वेल छान उठून दिसते. पण हा पीळ वीण आत ओढतो, त्यामुळे साध्या विणीपेक्षा लोकर जास्त लागते. म्हणून आधी वीतभर नमुना विणा, धुऊन वाळवा, मगच मापं घ्या.

मजुरी उंचीवर सांगू नका, टाक्यांवर सांगा. गिऱ्हाइकाला हिशेब कागदावर दाखवा, लोकरीचे पैसे आधी घ्या. पुढच्या बैठकीला नमुने घेऊन या, दर सगळ्या मिळून ठरवू.