सातबारा लावण्याआधी
(पाड्यावरच्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेले बोलणे)

दादांनो, बायांनो, जंगलच्या केसमध्ये पोरगा आत गेला की आपण सातबारा घेऊन कोर्टात पळतो. पळायलाच पाहिजे, आपलाच माणूस आहे. पण अंगठा कशावर केला ते कोणी विचारत नाही.

माझा सासरा भाच्याला जामीन राहिला. दिवाळीनंतर भाचा वीटभट्टीवर गेला, दोन तारखा चुकल्या. कोर्टाची नोटीस आली, ती म्हाताऱ्याने कुडात खोचून ठेवली. वाचणार कोण? शेवटी बैलजोडी विकून पैसे भरले.

गुन्ह्याची शिक्षा जामीनदाराला होत नाही. पण आरोपी तारखेला आला नाही, तर कागदावर लिहिलेली रक्कम जामीनदाराकडून वसूल करता येते. त्यासाठी जप्ती येऊ शकते. वसुली झालीच नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगही. म्हणून नोटीस आली की त्या तारखेला जाऊन कारण सांगा. कोर्ट रक्कम कमी करू शकतं. पोरगा ऐकतच नसेल, तर आधीच अर्ज देऊन जामीनकीतून सुटता येतं. मग त्याला दुसरा जामीनदार आणावा लागतो, नाहीतर परत आत. नात्यात हे जड जातं, मला माहीत आहे.

आणि पहिल्यांदा वकिलाला जातमुचलका मागायला सांगा. मोतीराम नावाच्या गवंड्याकडे खालच्या कोर्टाने १०,००० रुपयांचा जामीन मागितला, भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने त्याला १,००० च्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं.

आता इथे कोण कोण जामीन राहिलंय? हात वर करा, तारखा वहीत लिहून घेऊ.