तीस हजारांचे कर्ज



परदेशी जाऊन शरीरविक्रय करणाऱ्या आफ्रिकी स्त्रियांच्या कादंबऱ्यांवर एका कामगार संघटकाने का बोलावे, अशी शंका काहींना आली असेल. घानाच्या अमा डार्को यांच्या ‘बियाँड द होरायझन’मध्ये नवराच बायकोला जर्मनीत या धंद्यात लोटतो. ती कथा वाचून आम्हांला चीड आली. पण नायजेरियन लेखिका चिका उनिग्वे यांची ‘ऑन ब्लॅक सिस्टर्स स्ट्रीट’ (इंग्रजीत २००९) वाचताना आमचाच विषय पानोपानी दिसू लागला.

सिसी, अमा, एफे आणि जॉइस या चौघी लेगॉसहून बेल्जममधील अँटवर्पला येतात. जॉइसला मुले सांभाळण्याचे काम सांगितलेले असते. बाकीच्या तिघींना काम ठाऊक असते. पाठविणारा दलाल डेले प्रत्येकीवर ३०,००० युरोंचे कर्ज चढवितो. हप्ता दरमहा ५०० युरोंचा. ओढगस्तीच्या महिन्यात निदान १००. आम्ही हिशेब मांडला. पाचशेने फेडले तर पाच वर्षे, सवलतीने फेडले तर पंचवीस! आपल्याकडे ऊसतोड मजुराची उचल निदान हातात तरी पडते. येथे दमडी न पाहताच बाई कर्जदार होते. वर पासपोर्ट मॅडमच्या कुलपात.

सिसीचे खरे नाव चिसॉम. ती लेगॉस विद्यापीठाची पदवीधर. बँकांकडे अर्ज करून करून थकलेली. अडाणीपणामुळे बायका फसतात, असे म्हणणाऱ्या आमच्या सुशिक्षित मित्रांनी तिची प्रकरणे जरूर वाचावीत. काचेच्या खिडकीत उभी राहण्याचा निर्णय ती डोळे उघडे ठेवून घेते, कारण पदवीला घरी कोणी विचारीत नाही.

आम्हांला सर्वांत अस्वस्थ केले ते त्या घरातील अबोल्याने. चौघी एका छपराखाली राहतात, एकाच मॅडमचा जाच सोसतात; पण जॉइस मूळची सुदानची, नाव अलेक, हे इतरांना माहीत नसते. प्रत्येकीचा हप्ता वेगळा, म्हणून प्रत्येकीचे दुःखही वेगळे. सिसी हप्ते थांबवून निघून जाते, तेव्हा ती एकटीच असते. डेलेचा हस्तक तिचा खून करतो. मगच उरलेल्या तिघी एकमेकींना आपापली खरी हकीकत सांगतात.

आणि पुढे त्यांच्यातलीच एफे स्वतः मॅडम होणार असते. लेखिकेने तेही लपविलेले नाही.