प्रेअरीवरील धान्याचीं कोठारें

कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांताच्या पूर्व सीमेजवळ, प्रेअरीच्या विस्तीर्ण गवताळ सपाटीवर, फ्लेमिंग नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथें १८९५ मध्यें रेल्वेमार्गालगत गव्हासाठीं एक उंच लांकडी कोठार उभें राहिलें. अशा कोठाराला एलिव्हेटर, म्हणजे धान्य वर चढविणारें यंत्र, असें म्हणत.

शेतकऱ्याची गाडी आंत येई, तिचें वजन होई आणि गहूं जमिनीखालच्या खड्ड्यांत ओतला जाई. रहाटगाडग्याप्रमाणें फिरणाऱ्या पट्ट्यावरील डबे तो माथ्यापर्यंत नेत. तेथून तो प्रतवारीनें निरनिराळ्या कप्प्यांत पडे व पुढें नळीवाटे आगगाडींत उतरे. ही युक्ति वाफेच्या बळावर प्रथम चालविली, ती १८४२ मध्यें अमेरिकेंतील बफेलो बंदरांत जोसेफ डार्ट ह्या व्यापाऱ्यानें.

परंतु ज्याच्या हातीं काटा, त्याच्या हातीं भाव! वजन, प्रत आणि केरकचऱ्याची वजावट ह्या तिन्ही गोष्टी कोठारवाला ठरवी. दुसरें गिऱ्हाईक जवळपास क्वचितच असे. १९०० च्या मॅनिटोबा धान्य कायद्यानें शेतकऱ्याला फलाटावरून स्वतः माल भरण्याची सोय दिली. पण मालडबे मात्र कोठारवाल्यांनाच आधीं मिळत. तेव्हां १९०२ मध्यें सिंटालुटा येथील शेतकऱ्यांच्या संघटनेनें तेथील स्टेशन-एजंटावर फिर्याद केली व ती जिंकली. दंड किरकोळ होता. मिळालेला धीर मोठा होता. त्याच गांवचे एडवर्ड पार्ट्रिज १९०६ मध्यें शेतकऱ्यांच्या धान्यविक्री कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले. १९२३-२४ मध्यें प्रेअरीच्या तिन्ही प्रांतांत गव्हाच्या सहकारी संस्था निघाल्या, आणि पुढें शेंकडों कोठारें शेतकऱ्यांच्याच मालकीचीं झालीं.

१९३० नंतरच्या दशकांत अशीं कोठारें साडेपांच हजारांवर होतीं. मग मोटारट्रक आले, रेल्वेचे फाटे बंद पडले, काँक्रीटचीं प्रचंड कोठारें उभीं राहिलीं आणि लांकडी कोठारें हजारोंनीं पाडलीं गेलीं. सस्कॅचेवानच्या सहकारी संस्थेचे भागही १९९६ मध्यें शेअरबाजारांत विकले जाऊं लागले.

फ्लेमिंगचें जुनें कोठार मात्र आपल्या मूळ जागीं टिकून होतें. फेब्रुवारी २०१० मध्यें तें आगींत भस्म झालें. मॅनिटोबांतील इंग्लिस येथें पांच कोठारांची रांग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे. एके काळीं अशाच भिंतींआड, काट्यासमोर उभें राहून, शेतकरी आपल्या वर्षभराच्या कष्टांचें मोल दुसऱ्याच्या तोंडून ऐकत असे.